बोलण्याच्या वेगाने लिहिणारी बोटे

श्रुतलेखन घालताना आपण वाक्य सावकाश वाचतो, गरज पडली तर दोनदा वाचतो आणि अवघड शब्दापाशी थोडे थांबतो. मागच्या बाकावरची मान अजून खाली असेल तर तिची वाटही पाहतो. दूरचित्रवाणीवरचा वृत्तनिवेदक किंवा क्रिकेटचा समालोचक असे काहीही करत नाही. तो बोलत सुटतो. तरीही जगातल्या कित्येक देशांत त्याचे बोलणे तीनचार सेकंदांच्या आत पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटते. चित्रपटाची उपशीर्षके आधी सवडीने तयार करता येतात. थेट कार्यक्रमाची उपशीर्षके मात्र त्याच क्षणी, बहुधा एकच माणूस, न थांबता लिहीत असतो.

हे काम किती अवघड आहे याचा अंदाज वर्गात सहज घेता येईल. एका विद्यार्थ्याला वर्तमानपत्रातली बातमी नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने एक मिनिटभर वाचायला सांगा आणि बाकीच्यांना ती लिहून घ्यायला सांगा. मग वाचलेले शब्द आणि लिहिलेले शब्द मोजा. दोन आकड्यांमधली दरी हाच आपल्या लेखाचा विषय आहे. इंग्रजीत साधे बोलणे मिनिटाला दीडशे ते पावणेदोनशे शब्दांचे असते, रंगात आलेला समालोचक दोनशेच्याही पुढे जातो. चांगला टंकलेखक मात्र साठ ते ऐंशी शब्दांपाशी असतो. ही दरी माणसाने कशी ओलांडली आणि ती ओलांडायला शिकवायचे कसे, हा इतिहास शिक्षकाने मुद्दाम पाहावा असा आहे.

टिपणाचा वाचक कोण?

वेगाने लिहिण्याची विद्या जुनी आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये आपली लघुलेखन पद्धती प्रसिद्ध केली. स्पेलिंग बाजूला ठेवून उच्चारच रेघांनी टिपायचा, हे तिचे मूळ तत्त्व. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही पिढ्यान्पिढ्या ही पद्धत शिकवली गेली आणि तिच्या धर्तीवर मराठी लघुलेखनही उभे राहिले.

लघुलेखनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. टिपण लिहिणारा आणि ते वाचणारा एकच असतो. न्यायालयात किंवा सभागृहात लिहून घेतलेल्या खुणा लघुलेखक नंतर स्वतःच वाचतो आणि टंकलिखित करतो. एखादी खूण संदिग्ध असली तरी बिघडत नाही. मागचापुढचा संदर्भ, झालेल्या चर्चेची आठवण आणि स्वतःच्या हस्ताक्षराची ओळख यांवर तो योग्य शब्द काढतो. थोडक्यात, अर्धे काम हात करतो आणि अर्धे काम नंतर डोके करते. ही सवड पुढे नाहीशी झाली आणि सगळे शिक्षणच बदलावे लागले. पण त्याआधी यंत्राकडे वळू या.

पेटीसारखे वाजणारे यंत्र

टंकलेखन यंत्रावर एका वेळी एकच कळ दाबायची असते. याउलट पेटीवर आपण तीन स्वर एकदम दाबू शकतो. मग शब्दातली अक्षरे एकामागून एक न दाबता एकदमच का दाबू नयेत? ही कल्पना एकोणिसाव्या शतकात अनेकांना सुचली. इटलीतल्या आंतोनियो मिकेला यांच्या यंत्राला तर पियानोसारख्याच पट्ट्या होत्या, आणि १८८० मध्ये इटलीच्या सिनेटने ते कामकाजासाठी स्वीकारले. अमेरिकेत माइल्स बार्थोलोम्यू या न्यायालयीन लघुलेखकाने १८७९ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले. एकदम अनेक कळा दाबण्याचा आज रूढ असलेला कळफलक वॉर्ड स्टोन आयर्लंड या दुसऱ्या न्यायालयीन लघुलेखकाने १९१०च्या दशकाच्या आरंभी आणला. त्याचे नाव स्टेनोटाइप. त्याची मूळ मांडणी अजून टिकून आहे.

या कळफलकावर फक्त बावीस कळा असतात, आणि वर आकड्यांसाठी एक आडवी पट्टी. डाव्या हाताच्या बोटांखाली सात व्यंजने, अंगठ्यांखाली चार स्वर, उजव्या हाताच्या बोटांखाली दहा व्यंजने आणि मध्ये एक तारांकित कळ. ही मांडणी बाराखडी शिकलेल्या माणसाला लगेच समजेल. इंग्रजी शब्दाचा एक अवयव म्हणजे आरंभीचे व्यंजन, मधला स्वर आणि शेवटचे व्यंजन. डावा हात आरंभ लिहितो, अंगठे स्वर लिहितात, उजवा हात शेवट लिहितो आणि तिन्ही एकाच ठोक्यात होते. ‘कॅट’ लिहायचे तर डावीकडचा के, अंगठ्याखालचा ए आणि उजवीकडचा टी एकदम दाबायचे.

पण डावीकडे सातच व्यंजने असतील तर बाकीची कशी लिहायची? त्यासाठी जोड्या ठरवल्या आहेत. डावीकडचे टी आणि के मिळून डी, पी आणि डब्ल्यू मिळून बी, एच आणि आर मिळून एल. म्हणजे ‘डॉग’ या शब्दासाठी टी, के, ओ आणि उजवीकडचा जी एकाच वेळी दाबले जातात. सुरुवातीला हे विद्यार्थ्याला विचित्र वाटते, पण काही महिन्यांनी त्याला टी आणि के दिसेनासे होतात, फक्त डी उरतो. आपण तरी ‘क्ष’ वाचताना क आणि ष वेगळे कुठे पाहतो?

पाच तासांचा उशीर

हे यंत्र अनेक दशके न्यायालयातच राहिले. ते दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचले कर्णबधिर प्रेक्षकांमुळे.

अमेरिकेत बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या केंद्राने १९७२ मध्ये ज्यूलिया चाइल्ड यांचा पाककृतींचा कार्यक्रम उपशीर्षकांसह दाखवला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७३ मध्ये, याच केंद्राने एबीसी वाहिनीचे संध्याकाळचे बातमीपत्र उपशीर्षके घालून पुन्हा प्रसारित करायला सुरुवात केली. संध्याकाळचे बातमीपत्र ध्वनिमुद्रित करायचे, भराभर उपशीर्षके लिहायची आणि रात्री अकराला ते दाखवायचे. ऐकू येणाऱ्या शेजाऱ्याला सहा वाजता कळलेली बातमी कर्णबधिर माणसाला सुमारे पाच तासांनी कळे. तरीही ती एक मोठी सोय होती, कारण त्याआधी काहीच नव्हते.

यानंतर तांत्रिक वाट मोकळी झाली. अमेरिकन दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ रेषांचे होते आणि त्यांतल्या काही रेषा पडद्यावर दिसत नसत. त्यांपैकी एकविसावी रेषा अमेरिकी दळणवळण आयोगाने १९७६ मध्ये उपशीर्षकांसाठी राखून ठेवली. दर चित्रामागे दोन अक्षरे, म्हणजे सेकंदाला सुमारे साठ अक्षरे त्या रेषेतून जाऊ शकत. १९७९ मध्ये राष्ट्रीय उपशीर्षक संस्था स्थापन झाली आणि १६ मार्च १९८० पासून अशी उपशीर्षके नियमित जाऊ लागली. घरी वेगळी पेटी जोडणाऱ्यालाच ती दिसत. पण ही सारी आधी तयार केलेली होती. थेट कार्यक्रमाचा प्रश्न तसाच उरला.

रेषा सेकंदाला साठ अक्षरे वाहून नेत होती, पण तितक्या वेगाने तिला अक्षरे पुरवणार कोण? उत्तर न्यायालयात बसलेले होते. ठोक्यांचे संगणकाकडून शब्दांत रूपांतर करता येईल, हे जेरार्ड सॉल्टन यांनी १९५९ मध्येच एका शोधनिबंधात मांडले होते, आणि सत्तरच्या दशकात न्यायालयीन कामासाठी तशा प्रणाली वापरात आल्या होत्या. ब्रिटनमध्ये याच दशकात एक वेगळा प्रयोग झाला. जॅक ॲश्ली या खासदारांची श्रवणशक्ती १९६७च्या अखेरीस शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यांनी राजीनामा दिला नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठात ॲलन न्यूवेल यांनी पॅलंटाइप या ब्रिटिश लघुलेखन यंत्राला संगणक जोडला आणि सभागृहातले बोलणे ॲश्ली यांच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर उमटू लागले. १९९२ पर्यंत ते निवडून आलेले सदस्य म्हणून काम करत राहिले. अमेरिकेत १९८२ मध्ये स्टेनोटाइप आणि संगणक यांची जोडी थेट प्रसारणात उतरली. त्याच वर्षी एबीसीच्या बातम्यांना थेट उपशीर्षके मिळाली आणि पाच तासांचा उशीर काही सेकंदांवर आला.

वाचक बदलतो तेव्हा

यंत्र आले, संगणक आला, रेषाही होती. पण न्यायालयातल्या निष्णात लेखनिकाला थेट कामावर बसवले, की त्याच्या टिपणाचा वाचक बदलत असे. आता ते टिपण तो स्वतः वाचत नव्हता. ते संगणक वाचत होता, आणि संगणकाला संदर्भ कळत नव्हता.

दोन उदाहरणे घेऊ. इंग्रजीत ‘राइट’ हा एकच उच्चार बरोबर, उजवा, हक्क आणि लिहिणे अशा अर्थांनी येतो आणि त्याची स्पेलिंगे वेगवेगळी आहेत. लेखनिक सगळ्यांसाठी एकच ठोका वापरत असेल तर नंतर वाचताना त्याला अडचण येणार नाही, पण संगणकाने निवड कशी करावी? दुसरे उदाहरण शब्द तोडण्याचे. ‘कार’ आणि ‘पेट’ हे दोन ठोके लागोपाठ आले तर तो गालिचा समजायचा की मोटारीतले पाळीव जनावर? ठोक्यांमध्ये शब्दांच्या दरम्यानची मोकळी जागा नसते.

म्हणून थेट लेखनाच्या शिक्षणात मूळ नियमांपासून बदल करावे लागले. समान उच्चाराच्या प्रत्येक शब्दाला वेगळा ठोका ठरवला गेला. शब्दाच्या आरंभी लागणारे आणि शेवटी लागणारे तुकडे स्वतंत्र ठोक्यांनी लिहिण्याची पद्धत आली. जुन्या लेखनिकांना अनेक वर्षांच्या सवयी मोडाव्या लागल्या. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सांगितले जाऊ लागले, की तुझा ठोका असा असला पाहिजे की त्याचा एकच अर्थ निघेल.

याशिवाय प्रत्येक लेखनिकाचा संगणकात स्वतःचा शब्दकोश असतो. कोणत्या ठोक्याचा कोणता शब्द, याची ती यादी वर्षानुवर्षे वाढत जाते. कार्यक्रमाच्या आधी खेळाडूंची, मंत्र्यांची, गावांची नावे त्यात भरून ठेवायची असतात. कोशात नसलेले नाव पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी उमटते, आणि वादळाच्या बातमीत ते नाव आपल्या गावाचे असेल तर वाचणाऱ्याचे काय होईल?

आणखी एक फरक आहे. न्यायालयातला लेखनिक साक्षीदाराला थांबवून पुन्हा बोलायला सांगू शकतो. वृत्तनिवेदकाला तसे सांगता येत नाही. मागे पडले तर काय गाळायचे हे क्षणात ठरवावे लागते. पुनरुक्ती गाळता येते, ‘म्हणजे’ आणि ‘तर’ गाळता येतात, पण ‘नाही’ गाळता येत नाही. म्हणजे या शिक्षणात बोटांइतकीच समजही घडवावी लागते.

साठपासून सव्वादोनशेपर्यंत

अमेरिकेत हे शिक्षण साधारणपणे दोन ते चार वर्षांचे धरतात. पहिल्या टप्प्यात ठोक्यांची भाषा शिकतात. दुसरा टप्पा वेग वाढवण्याचा. मिनिटाला साठ शब्दांपासून वीसवीस शब्दांच्या पायऱ्या चढायच्या. तिसरा टप्पा थेट कामाचा सराव. राष्ट्रीय न्यायालयीन लेखनिक संघटनेच्या व्यावसायिक परीक्षेत मिनिटाला १८०, २०० आणि २२५ शब्दांची पाचपाच मिनिटांची तीन श्रुतलेखने असतात आणि प्रत्येकात ९५ टक्के अचूकता लागते. शब्दामागे सरासरी दीड अवयव धरला, तर २२५ शब्दांना मिनिटाला सुमारे ३४० ठोके होतील. म्हणजे सेकंदाला साडेपाचहून अधिक. हे अशक्य वाटते, म्हणून नेहमीच्या शब्दसमूहांना एकाच ठोक्याची संक्षिप्त रूपे पाठ करतात.

९५ टक्के म्हणजे वर्गात उत्तम गुण. पण थेट प्रसारणात काय होते ते मोजून पाहू. मिनिटाला १८० शब्दांनी अर्ध्या तासाच्या बातमीपत्रात ५,४०० शब्द होतात. ९५ टक्के अचूकतेत २७० शब्द चुकतील, ९८ टक्क्यांत १०८ आणि ९९ टक्क्यांतही ५४. म्हणून थेट लेखनाच्या प्रमाणपत्राची पातळी याहून वर ठेवतात आणि प्रत्यक्ष कामात ९८ टक्क्यांच्या वरच बोलणी सुरू होतात. शेकडा गुणांची सवय असलेल्या मुलांना हे गणित जरूर द्यावे.

वेगाच्या टप्प्यात बरेच विद्यार्थी अडतात. एका पायरीवर आठवडेच काय, महिनेसुद्धा जातात आणि वेग हलत नाही. अनेक जण शिक्षण इथेच सोडतात. ही गोष्ट शिक्षणाच्या मानसशास्त्राला जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातील ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संदेश ऐकून घेण्याच्या वेगाचा आलेख काही काळ चढतो, मग बराच काळ सपाट राहतो आणि पुन्हा चढतो, असे त्यांना दिसले. या सपाट भागाला पठार म्हणतात. त्यांचे स्पष्टीकरण असे, की शिकणारा आधी सुटी अक्षरे ऐकतो, मग शब्द आणि शेवटी शब्दसमूह. एका पातळीची सवय पुरती अंगवळणी पडेपर्यंत पुढची पातळी दिसत नाही. पठार प्रत्येकाच्या वाट्याला येतेच का, याविषयी पुढच्या संशोधकांनी शंका घेतली. पण स्टेनोटाइपच्या वर्गात त्याची ओळख सर्वांना आहे. तिथले अनुभवी शिक्षक विद्यार्थ्याला झेपणाऱ्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगाचे श्रुतलेखन काही वेळ देतात आणि मग पुन्हा खाली आणतात. वेगात असताना चुका होऊ द्यायच्या, खाली आल्यावर अचूकता मागायची. एकाच वेळी दोन्ही मागितले, तर हात आखडतो.

कायदा आधी, माणसे मागून

अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून तेरा इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या संचात उपशीर्षके दाखवणारा भाग बसवणे सक्तीचे झाले. १९९६च्या दूरसंचार कायद्यानंतर आयोगाने वाहिन्यांना टप्प्याटप्प्याने मुदत दिली. जानेवारी २००६ पासून, ठरावीक अपवाद सोडून, सगळ्या नव्या इंग्रजी कार्यक्रमांना उपशीर्षके देणे बंधनकारक ठरले. वाहिन्या चोवीस तासांच्या झाल्या होत्या, पण लेखनिक तयार व्हायला वर्षे लागत. इलेक्ट्रॉनिक भाग कारखान्यात काही महिन्यांत लाखांनी बनतो, शिकलेली बोटे तशी बनत नाहीत. अखेर २००८च्या उच्चशिक्षण कायद्यात थेट लेखनिकांच्या शिक्षणासाठी अनुदानाची तरतूद करावी लागली.

ब्रिटनने दुसरी वाट शोधली. बीबीसीने २००१ पासून पुनर्कथनाचा वापर सुरू केला. शांत खोलीत बसलेला माणूस कार्यक्रम ऐकतो आणि तेच शब्द सपाट, स्पष्ट आवाजात विरामचिन्हांसह पुन्हा उच्चारतो. त्याच्या आवाजाची सवय असलेला संगणक त्यांचे लेखन करतो. हे शिक्षण काही महिन्यांत होते. २००८ मध्ये बीबीसीने आपल्या प्रमुख वाहिन्यांवरचे सगळे कार्यक्रम उपशीर्षकांसह देण्याचे उद्दिष्ट गाठले. पण ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी करायचे, आणि वाचणारे यंत्र चुकेल कुठे हे आधीच ओळखायचे, ही कसरत इथेही आहेच.

आता संगणक माणसाच्या मदतीशिवायही बोलणे ओळखतो आणि दरवर्षी सुधारतो आहे. शांत खोलीत, एकाच माणसाच्या स्वच्छ बोलण्यावर तो उत्तम चालतो. गोंगाट, एकमेकांना तोडून बोलणारी माणसे, अनोळखी नावे आणि बोलीचे उच्चार आले, की त्याची परीक्षा होते. आणीबाणीच्या बातमीत नेमके हेच सारे असते. त्यामुळे कर्णबधिर प्रेक्षकांच्या संघटना विचारतात, की चुकलेला शब्द पकडायला कोणी बसले आहे का? हा प्रश्न यंत्राविरुद्धचा नाही.

मराठीत काय लागेल?

आपल्याकडे दूरदर्शनने कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतले बातमीपत्र १९८७ मध्ये सुरू केले. केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी सुगम्यता मानके काढली. पण थेट बातम्या आणि थेट खेळ यांना त्यांत सूट होती. म्हणजे जिथे क्षणाला सर्वांत जास्त किंमत आहे तोच भाग बाहेर राहिला.

मराठीत थेट लेखन शिकवायचे म्हटले तर इंग्रजीचे नियम उचलून चालणार नाहीत. आपले लेखन उच्चाराच्या जवळचे असल्याने ‘राइट’सारखी संकटे कमी येतील. पण ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांचा निवाडा बोटांनाच करावा लागेल. आपले शब्द लांब असतात आणि त्यांना प्रत्यय चिकटतात. ‘घरासमोरच्यांनाही’ हा एकच शब्द आहे, तो अख्खा कोणत्या कोशात सापडणार? प्रत्ययांचे स्वतंत्र ठोके आणि सामान्यरूपाचे नियम संगणकाला शिकवावे लागतील. महाराष्ट्र शासनात निम्नश्रेणी लघुलेखकाला मिनिटाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० शब्दांचा वेग लागतो. हे आकडे इंग्रजीच्या २२५ पुढे लहान वाटतील, पण मराठी शब्द लांब असल्यामुळे ही तुलना सरळ करता येत नाही. मिनिटाला किती शब्द यापेक्षा किती अवयव हे मोजले, तरच खरे अंतर कळेल.

हे मोजण्याचे काम नववी-दहावीचा वर्गसुद्धा करू शकेल. आकाशवाणीच्या बातम्यांची पाच मिनिटे ध्वनिमुद्रित करा. शब्द मोजा, अवयव मोजा, समान उच्चाराच्या जोड्या शोधा, सर्वांत जास्त वेळा आलेल्या पन्नास शब्दांची यादी करा. लघुलेखनाची कोणतीही पद्धत आखणाऱ्याला पहिल्यांदा हीच यादी लागते. मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी हा प्रकल्प मिळून घेतला, तर उत्तम. आणि गावात कर्णबधिर मुलांची शाळा असेल तर त्या मुलांनाही सोबत घ्या. बातम्यांतला कोणता शब्द चुकला तर चालतो आणि कोणता चुकून चालत नाही, हे ती मुले आपल्यापेक्षा नेमके सांगतील.